चाळिसाव्याचं ताट

हुसेनबीला जाऊन एकोणचाळीस दिवस झाले होते, आणि भांडण लागलं ते तिच्या ताटावरून.

माणूस गेल्यावर चाळिसाव्या दिवशी त्याच्या आवडीचं ताट मांडायचं, त्यावर फातेहा पढायची आणि मग ते गावातल्या एखाद्या गरिबाघरी पोचवायचं, ही शेखांच्या घरची जुनी रीत. मदार मास्तरांच्या आईच्या ताटात भाजलेले हरभरे होते, कारण दात गेल्यावरही ती ते खलबत्त्यात कुटून खायची. वडिलांच्या ताटात विड्याची पानं आणि चिमूटभर जर्दा होता. ताट बघून माणूस ओळखू यावं, असं जुने लोक म्हणायचे.

पण साल त्र्याहत्तरचं होतं. आदल्या वर्षी पावसाने तोंडच दाखवलं नाही. गावचा तलाव पौषातच तळाला गेला, विहिरीत बादली खडखडायला लागली, आणि अर्धं गाव तलवाड्याच्या रस्त्यावर खडी फोडायला जाऊ लागलं. रेशनवर लाल मिलो ज्वारी मिळायची. तिची भाकरी गार झाली की कौलासारखी व्हायची. अशा दिवसांत ताटापुरता गहू आणि गूळ मिळवता मिळवता मास्तरांच्या मुलाच्या, यासीनच्या, नाकी नऊ आले होते.

मास्तरांची थोरली बहीण चाँदबी तेलगावहून मुद्दाम आली होती. ओसरीत पोत्यावर बसून ती बोटं मोजत होती.

"मलिदा. खिचडा. गुळाचा भात. आजून काय आवडायचं तिला? मदार, बायकू तुझी, तुला ठावं असंल की."

"तिला?" मास्तर म्हणाले. "तिला सगळंच आवडायचं."

"सगळंच आवडायचं म्हंजे तुला काईच ठावं न्हाई. आमचे हे बी असंच म्हनतेत."

मास्तर हसले, पण ते हसू ओठावरच वाळलं. अडतीस वर्षांचा संसार, आणि बायकोच्या आवडीचा एक जिन्नस सांगता येऊ नये? ती वाढायची, ते जेवायचे. ती कधी जेवायची, काय जेवायची, हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

"आन् एक सांगून ठिवते," चाँदबीने आवाज चढवला, आत स्वयंपाकघरात ऐकू जावा इतका. "ताटाला त्या कोकनवालीचा हात लागायचा न्हाई. जो हात हरामाच्या भांड्यात जातो, तो फातेहाच्या ताटात न्हाई जाऊ द्यायची मी."

कोकणवाली म्हणजे मास्तरांची सून, कुलसुम. यासीन गावच्या मच्छीमार सोसायटीचा सेक्रेटरी. दहा वर्षांमागे सोसायटीने त्याला ट्रेनिंगसाठी समुद्राकाठी धाडलं होतं, आणि तो ट्रेनिंगचा दाखला आणि मुरूडची बायको अशी दोन्ही घेऊन आला. तिकडचे मुसलमान शाफई पंथाचे, इकडचे हनफी. नमाजेत हात कुठे बांधायचे इथपासून फरक. लग्नाच्या वेळी तो कुणी उकरून काढला नाही. घरात सुनेची बोली कोकणी आणि सासूची दखनी, म्हणून दोघींनी मधली वाट धरली आणि एकमेकींशी मराठीत बोलायला लागल्या. पुढे सगळं घरच मराठीत बोलू लागलं.

परवा कुलसुमची आई हलिमा चाळिसाव्यासाठी मुरूडहून आली, तीन गाड्या बदलून. येताना लेकीसाठी पत्र्याचा एक डबा आणला. त्यात वाळवलेले बारीक झिंगे होते. इकडे त्याला सुकट म्हणतात, मुरूडकडे जवळा. डबा उघडला तशी चाँदबीने पदर नाकाला लावला आणि स्वतःचा पाण्याचा तांब्या उचलून ओसरीच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवला. तेव्हापासून दोघी विहिणी एका छपराखाली होत्या, पण एका वाऱ्यात नव्हत्या.

हलिमा आता दारात आली. सडसडीत, उंच बाई. "कशाला हराम म्हणता, चाँदबी? आमच्या सात पिढ्या त्यावर जगल्या. सगळ्या काय दोजखात गेल्या?"

"ते मला काय इचारता? मदारला इचारा. त्यानंच सांगितलंय. मज्जिदीत, साऱ्या लेकरांपुढं."

ही गोष्ट खरी होती.

मास्तर शाळेतून रिटायर झाले, पण हातातला खडू काही सुटला नाही. रोज सकाळी मशिदीच्या ओसरीवर गावातली पंचवीसेक मुलं-मुली त्यांच्यापुढे बसत. मास्तर कुणाला कधी मारत नसत, रागावत नसत, आणि कुठलाही प्रश्न परत पाठवत नसत. पौषात तलाव आटला, सोसायटीच्या भोई सभासदांनी जाळी खुंटीला टांगली, तेव्हा यासीनने डोकं लढवून सासुरवाडीकडून सुकटाची पोती मागवली. सोसायटी ती खडीच्या कामावर स्वस्तात विकू लागली. मिलोच्या कोरड्या भाकरीला तेवढीच चव. त्याच आठवड्यात आमिना नावाच्या एका मुलीने विचारलं होतं, "मास्तर, सोसायटीचं सुकट आपल्याला चालतं का?"

मास्तरांनी फळ्यावर एका बाजूला मासा काढला, दुसऱ्या बाजूला झिंगा. झिंगा सुरेख जमला होता, मिशांसकट.

"पाय मोजा," ते म्हणाले.

मुलांनी मोजले. "दहा."

"आणि माशाला?"

"एकपण नाही."

"मग हा मासा कसा? हा पाण्यातला किडा. आपल्यात पाण्यातला फक्त मासा हलाल. म्हणून सुकट हराम. आणि लक्षात ठेवा, हरामाचा एक घास पोटात गेला, तर चाळीस दिवस माणसाची दुआ कबूल होत नाही."

धडा असा चोख बसला की मास्तर स्वतःवरच खूष झाले. त्या संध्याकाळी गावातल्या सात-आठ घरांतलं सुकट कोंबड्यांपुढे पडलं. आमिनाच्या आईनेही टाकलं. विधवा बाई, दिवसभर खडी फोडून आलेली. आणि मास्तरांच्या घरात त्यांची आठ वर्षांची नात सुगरा आईच्या हातचं खाईनाशी झाली. दादीने भरवलं तर खायची, आईने वाढलं तर ताट सरकवायची. दादी गेल्यावर तर शेजाऱ्यांकडे जाऊन भाकरी खायची. कुलसुम काही बोलत नसे. पोरगी धडा विसरत नाही, एवढंच मास्तरांच्या मनात यायचं, आणि त्याचं त्यांना कौतुक वाटायचं.

"लेकरांना जे सांगितलं ते सांगितलं," मास्तर आता हलिमाकडे न बघता म्हणाले. "उद्याचं पार पडू द्या. ताट चाँदबी आपा करतील."

"म्हणजे माझ्या मुलीने दोन महिने सासूचं हगणंमुतणं काढलं ते चाललं," हलिमा म्हणाली, "आणि ताटाला हात लावलेला चालत नाही."

यासीन खांबाला टेकून उभा होता. त्याने मान खाली घातली. चाँदबी पुन्हा बोटं मोजू लागली.

"मलिदा. खिचडा. गुळाचा भात. आजून एक पायजे. चार तरी पायजेत."

"दादीला जवळ्याची चटणी आवडायची," सुगरा म्हणाली.

ती उंबऱ्यावर बसून फाटक्या गोधडीचा दोरा ओढत होती. तिने मान वर केली नाही. जसं पाढ्यातलं पुढचं घर सांगावं, तसं तिने सांगितलं.

मग चाँदबीने दोन्ही हात तोंडावर घेतले. "मेलेल्या बाईवर बट्टा लावती का गं? कोनी शिकिवलं तुला हे? आईनं?"

मास्तर उठले. त्यांचे कान तापले होते. "सुगरा, खोटं बोलायचं नाही."

"खोटं नाही, दादा."

"तुझी दादी पाच वक्ताची नमाजी होती. ती असलं खाणार नाही. कान धर. धर कान, आणि तोबा कर."

चाळीस वर्षांत मास्तरांनी कुठल्या लेकराला चारचौघांत कान धरायला लावलं नव्हतं. सुगराने त्यांच्याकडे पाहिलं, मग हळूहळू दोन्ही कान धरले. तिच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. ते आलं असतं तर मास्तरांना बरं वाटलं असतं.

"सोड गं कान," आतून आवाज आला. कुलसुम बाहेर आली होती, पिठाचे हात तसेच. "अब्बा, पोरगी खरं बोलतेय. अम्मींनी जाताना मला कसम घातली होती, म्हणून मी बोलले नाही. पण तिला खोटं ठरवलेलं मी बघणार नाही."

आणि तिने सांगितलं, एकेक वाक्य, जड भांडं खाली ठेवावं तसं.

दुखणं वाढलं तसं हुसेनबीच्या गळ्याखाली काही उतरेना. मिलोची भाकरी बघितली तरी ती तोंड फिरवायची. एका दुपारी कुलसुम स्वतःपुरता जवळा भाजत होती, लसूण आणि तिखट घालून, थेंबभर तेलात. हुसेनबी खाटेवरून म्हणाली, कशाचा वास गं? दे की जरासं. त्या दिवशी तिने अर्धी भाकरी खाल्ली. मग रोज दुपारी मास्तर जोहरच्या नमाजेला गेले की कुलसुम दाराला कडी घालायची. हुसेनबी दोन-चार घास खायची, चूळ भरायची, कान धरून तोबा करायची, आणि तोंडात लवंग धरायची.

"लवंग?" मास्तरांनी विचारलं.

"तुम्हाला वास येऊ नये म्हणून."

मास्तर खाली बसले.

त्या दोन महिन्यांत हुसेनबीच्या तोंडाला सतत लवंगेचा वास यायचा. त्यांना वाटलं, दाढ दुखते. तलवाड्याच्या बाजारातून पुडी बांधून त्यांनीच लवंगा आणल्या होत्या, एकदा नाही, तीनदा. बायकोची काळजी घेतो म्हणून मनात जरा बरंही वाटलं होतं.

आणि आणखी एक आठवलं, जे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. शिशिरातली एक दुपार. ते पेपर वाचत होते. हुसेनबी खाटेवरून म्हणाली होती, "आवो, सुकट खाल्लं तर लई पाप लागतं का?" त्यांनी पेपरातून डोकं वर काढलं नाही. "लेकरांना सांगितलंय ना," ते म्हणाले. "बरं," ती म्हणाली आणि तोंड भिंतीकडे केलं. साऱ्या गावाचा प्रश्न कधी परत न पाठवणाऱ्या माणसाने घरातला एकच प्रश्न परत पाठवला होता.

"आपा म्हणतात तर ताट त्याच करतील," कुलसुम म्हणाली. "पण अब्बा, एक सांगा. मी त्यांना हराम चारलं, असं तुम्ही मानता का? मानत असाल तर उद्या दुपारच्या गाडीने मी अम्माबरोबर जाते. सुगरालाही नेते. जिथे माझं पोर माझ्या हातचं खाईल, तिथे राहते."

यासीन म्हणाला, "कुलसुम."

हो म्हणावं तर मेलेली बायको गुन्हेगार ठरत होती. नाही म्हणावं, तर ते स्वतः.

ते पायात वहाणा सरकवून निघाले ते थेट तलावाकडे. तलाव कसला, भेगाळलेली जमीन नुसती. मधोमध सोसायटीची नाव कुशीवर पडली होती, आणि तिच्या सावलीत सोसायटीचा चेअरमन आसाराम भोई जुनं जाळं शिवत बसला होता.

"पानी न्हाई आन् जाळं शिवतोस?" मास्तर म्हणाले.

"पानी आल्यावर शिवत बसू का? तवा मासे थांबतेत व्हय?" आसाराम सरकला आणि सावलीत जागा केली. "चेहरा कशापायी पडलाय, मास्तर?"

दोघं एका वर्गात शिकलेले. मास्तरांनी सगळं सांगितलं, लवंगांसकट. पेपरचं तेवढं सांगितलं नाही.

आसारामने ऐकून घेतलं. सुई जाळ्यात खोचून ठेवली. "मला तुमचं हलाल-हराम काई कळत न्हाई. आमच्यात जाळ्यात घावलं ते द्येवानं दिलं. पर तुमी सुकट बंद केलं तवा मला वाटलं, मास्तर शिकलेला मानूस, किताबात वाचलं असंल. कुठल्या किताबात हाय ते?"

मास्तरांनी वाळलेल्या चिखलाची एक खपली उचलली.

"वाचलं न्हाई?"

"अब्बा म्हणायचे. लहानपणी गोदावरीच्या काठी मी एक झिंगा उचलला, तर त्यांनी हातावर फटका मारून पाडला होता."

"आस्सं," आसाराम म्हणाला. त्याने जाळ्यातली एक गाठ उकलली. "म्हंजे तो फटका तुमी पंचवीस लेकरांना वाटला."

मास्तर उठून घरी आले.

सकाळी फजरची नमाज पढून परतले तेव्हा सुगरा एकटीच जागी होती. दादीच्या खोलीच्या दारामागे उभी राहून ती कोळशाने काहीतरी काढत होती. मास्तरांनी दार ओढून पाहिलं. लाकडावर उभ्या रेघा होत्या, पाच-पाचचे गठ्ठे, अगदी त्यांनीच वर्गात शिकवले तसे. त्यांनी सवयीने मोजल्या. चाळीस.

"हे काय गं?"

ती जराशी आक्रसली. कालचे कान आठवले असावेत. "दादीने शेवटच्या दिवशीपण चटणी खाल्ली होती. बोटभर. मग चाळीस दिवस तिची दुआ कबूल होणार नाही ना. म्हणून मोजत होते." ती कोळसा फ्रॉकला पुसत म्हणाली, "आज झाले. आजपासून तिचं ऐकतील ना, दादा?"

मास्तरांनी शेवटच्या रेघेवर बोट ठेवलं. चाळीस दिवस ह्या लेकराने रोज एक रेघ ओढली होती, आणि रोज तिच्या मनात दादीचा आवाज कुठेतरी बंद दारावर आपटून परत येत होता. तो दरवाजा त्यांनी बांधला होता. खडूने.

"मी बीडला जाऊन येतो," ते म्हणाले. "जोहरच्या आत येतो. सांग तुझ्या आईला, मी येईपर्यंत कुठे जायचं नाही."

सहाची एसटी मिळाली. बीडला एका जुन्या मशिदीत मास्तरांच्या ओळखीचे वयस्कर मौलाना होते. हुजऱ्यात, म्हणजे मशिदीतल्या आपल्या खोलीत, बसून ते चष्म्याची काडी दोऱ्याने बांधत होते. मास्तरांनी प्रश्न विचारला.

"मासा हलाल, ह्यात वाद नाही," मौलाना म्हणाले. "खेकडा आपल्या हनफींत नाही. पण झिंग्यावर आपल्यातच वाद आहे. जुने अरब झिंग्याला माशातच धरायचे, म्हणून आपल्या कितीतरी आलिमांनी जायज म्हटलंय. काहींनी नको म्हटलं. मी स्वतः खात नाही. पण हराम म्हणायला माझी जीभ उचलत नाही."

"आणि सून शाफई असली तर?"

"तिच्याकडे ते साफ हलाल. त्यात विचारायचं काय?"

मास्तरांनी खाली बघत सांगितलं, "मी मुलांना झिंग्याचे पाय मोजायला लावले होते. दहा पाय, म्हणून मासा नाही, म्हणून हराम."

मौलानांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं. "टोळाला किती पाय असतात, मास्तर?"

"सहा."

"टोळ हलाल आहे. पैगंबरांची हदीस आहे." ते थांबले. "पाय मोजलेत. किताब उघडायची राहिली. एवढ्या वर्षांत एसटी तर रोजच येत होती."

मास्तरांनी मग हुसेनबीचं सांगितलं. कडी, चूळ, तोबा. ह्या वेळी पेपरचंही सांगितलं.

मौलानांनी चष्मा पुन्हा काढून मांडीवर ठेवला. "तिची तोबा वाया जायची नाही," ते म्हणाले. "पण मरणाच्या दारात बाई दोन घास भीत भीत खात होती. ती भीती अल्लाहने दिली नव्हती."

कोणी दिली, ते त्यांनी सांगितलं नाही. मास्तर चाळीस वर्षं शिकवत होते. कुठलं उत्तर विद्यार्थ्यावर सोडायचं असतं हे त्यांना कळत होतं.

घरी पोचले तेव्हा अंगणात सतरंज्या पडल्या होत्या. वर्गातली मुलं भिंतीकडेने रांगेत बसली होती. आसाराम पाण्याचं पिंप भरून घेऊन आला होता. ओसरीत हलिमाची ट्रंक दोरीने बांधून तयार होती, शेजारी सुगराच्या कपड्यांचं बोचकं. चाँदबीने ताट मांडलं होतं: मलिदा, खिचडा, गुळाचा भात. चौथी वाटी रिकामी.

मास्तर सरळ स्वयंपाकघरात गेले. मागच्या कित्येक वर्षांत ते तिथे आले नव्हते. कुलसुम दचकून उभी राहिली.

"बेटा, अम्मीची चटणी कर. तिला करून द्यायचीस तशी."

कुलसुमने हात पदराला पुसले. "आपा काय म्हणतील?"

"जे म्हणायचं ते मला म्हणतील. तू चारलंस ते हराम नव्हतं. मी बीडहून विचारून आलोय. विचारायला चाळीस दिवस उशिरा गेलो."

तव्यावर जवळा पडला. लसणीचा आणि तिखटाचा वास अंगणात गेला, तशी चाँदबी दारात आली. "मदार, तू शुद्धीत हायस का? फातेहाच्या ताटात?"

"आवडीचं ताट म्हणतो ना आपण, आपा. मग तिच्या आवडीचं असू दे. आजवर सगळं माझ्या आवडीचं झालं."

"मी न्हाई खायची त्यातलं."

"नका खाऊ. आपल्यात न खाणारेही आहेत, खाणारेही आहेत. एवढंच मला कालपर्यंत माहीत नव्हतं." त्यांनी वाटी कुलसुमच्या हातात दिली. "तूच ठेव."

कुलसुमने वाटी ताटात ठेवली. थोडी चटणी मलिद्यावर सांडली. चाँदबीने तोंड फिरवलं, पण ती उठून गेली नाही.

फातेहा झाली. जेवणं वाढायच्या आधी मास्तर मुलांसमोर जाऊन उभे राहिले. मोठ्या माणसांना वाटलं, मरहूम हुसेनबीबद्दल दोन शब्द बोलतील.

"पौषात मी तुम्हाला एक धडा दिला होता," मास्तर म्हणाले. "फळ्यावर झिंगा काढला होता. किती पाय होते?"

"दहा," मुलं एका सुरात ओरडली. धडा खरंच चोख बसला होता.

"तो धडा चुकीचा होता. मी किताब बघितली नव्हती. कुणाला विचारलंही नव्हतं. माहीत नसताना माहीत आहे असं सांगितलं. त्याला मोठमोठ्या आलिमांनी हलाल म्हटलंय. काही नको म्हणतात. ज्याला खायचं त्याने खावं, आणि खाणाऱ्याला कुणी हराम म्हणू नये." ते सुगराकडे वळले. "आणि काल सुगरा खरं बोलली. मी तिला खोटं ठरवलं आणि कान धरायला लावले."

त्यांनी दोन्ही हात वर नेले आणि स्वतःचे कान धरले.

मुलं आधी खुदखुदली. त्यांना वाटलं, मास्तर नेहमीसारखी गंमत करतायत. मग मास्तरांचा चेहरा बघून एकेक मूल हसायचं थांबलं. आमिनाची आई रांगेच्या मागे उभी होती. कोंबड्यांपुढे टाकलेलं सुकट तिला आठवलं असेल, नसेल. तिने पदर तोंडावर घेतला.

"मदार, लोक बगायलेत," चाँदबी हळू आवाजात म्हणाली.

"बघू दे, आपा. काल तिलाही बघत होते."

यासीन दोन पावलं पुढे आला, मग थांबला. ओसरीत कुलसुम आईच्या कानाशी वाकून म्हणाली, "अम्मा, गाडी उद्याही असते." हलिमाने ट्रंकेवरचा हात काढून घेतला. आसारामने ताट उचललं आणि कुणी सांगायच्या आधी ते आमिनाच्या आईच्या हातात दिलं.

सुगरा उंबऱ्यावरून उठली. मास्तरांच्या अगदी पुढ्यात येऊन तिने त्यांच्याकडे मान वर करून पाहिलं.

"दादा, दादीला कळलं असेल का?"

"काय?"

"की ते हराम नव्हतं."

सगळी मुलं उत्तराची वाट बघत होती. मास्तरांनी आजवर मुलांचा कुठलाच प्रश्न परत पाठवला नव्हता, आणि मुलांना त्याची सवय होती. मास्तरांनी आमिनाच्या आईच्या हातातल्या ताटाकडे पाहिलं, मग त्या दाराकडे, ज्याच्यामागे चाळीस रेघा होत्या.

"मला माहीत नाही," ते म्हणाले.

सुगराने मान हलवली. उत्तर तिला पुरलं की नाही, कळलं नाही. ती वळली, आईला घेऊन चुलीपाशी जाऊन बसली आणि तव्याला चिकटलेला जवळा बोटाने खरवडून खाऊ लागली. कुलसुमने भाकरी मोडून तिच्यापुढे धरली. तीही तिने घेतली.

पंगत बसली, पाणी फिरलं. कान सोडा, असं मास्तरांना कुणीच म्हटलं नाही, आणि त्यांनीही ते सोडले नाहीत.